मार्करचा घास

रामनाथ सावे भित्रा होता. ही काही पाठीमागे बोलायची गोष्ट नव्हती, पालघरजवळच्या माहीमात लोक त्याच्या तोंडावर बोलत. त्यालाही राग नसे. "हाय तर हाय," म्हणायचा, "भ्यालेला मानूस बघून पाय टाकतो. धिटाचं हाड मोडतं." वाडीतल्या पायवाटेने जाताना सापासाठी पुढे काठी आपटत जायचा. पोस्टमन दारात थांबला की हा आत, आणि बायको रत्नाबाई पुढे. आणि सगळ्यात कडी म्हणजे हा माणूस स्वतःच्याच कोटाला भ्यायचा.

कोटाची हकिकत अशी. मुंबईच्या एका जिमखान्यावर रामनाथ मार्कर होता. मार्कर म्हणजे रेघा मारणारा असं गावात सगळ्यांना वाटे, आणि चुन्याच्या रेघाही तो मारायचाच. पण खरं काम वेगळं. टेनिस खेळायला आलेल्या मेंबराला जोडीदार मिळाला नाही की मार्करने समोर उभं राहायचं. पगार घेऊन खेळायचं. पगार घेतो म्हणून मोठ्या स्पर्धांत त्याला मज्जाव, तिथे घरचं खाऊन-पिऊन सुखी असलेले लोक खेळत. मार्करांची वर्षातून एकदा आपसात वेगळी स्पर्धा व्हायची. तिच्यात रामनाथ एका साली पहिला आला आणि कुणा हौशी मेंबराने विलायतेहून आणलेला लोकरीचा कोट त्याला बक्षीस मिळाला. माहीमच्या दमट हवेत लोकरीचा कोट! रत्नाबाईने तो चिकूच्या वाडीत बांबूला चढवला, माकडांसाठी. माकडं चार दिवसांत सरावली. रामनाथ नाही सरावला. तिन्हीसांजेला हात पसरून उभा असलेला तो कोट दिसला की त्याच्या छातीत धस्स व्हायचं. त्याला वाटे, जिमखान्याचा सेक्रेटरी आला.

मासळी घेऊन दारावर येणारी इंदुबाई त्याची फिरकी घ्यायची. "रामनाथदादा, आमी जाळी टाकतो ती काय गावावं म्हनून. तुजी जाळी कसली रं? तिच्यात बॉल गावला की तू हरतोस!"

"तसाच खेल हाय तो, इंदुबाय."

"सायबांचा खेल ना, मंग उलटाच असनार."

आता घास म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या शब्दावर आहे. मार्करांच्या बोलीत मेंबराच्या हाताखाली, त्याला नीट मारता येईल असा बॉल देणं म्हणजे घास देणं. मेंबर पैसे भरतो तो दमायला नव्हे, जिंकल्यासारखं वाटायला. तेव्हा मार्करने दमल्यासारखं करायचं, पळायचं, धापा टाकायच्या, दोनचार बॉल असे मारायचे की बघणाऱ्याने वाहवा म्हणावं, आणि शेवटचा घास सायबाच्या उजव्या हातावर द्यायचा. साहेब मारणार, मार्कर म्हणणार, "क्या शॉट है साब!" हे वाटतं तेवढं सोपं नाही. हरतोय हे दिसलं पाहिजे आणि हरवून घेतोय हे दिसता कामा नये. जिंकायला हात लागतो, असं हरायला अख्खा माणूस लागतो.

कोट मिळाला त्या आठवड्यात रामनाथच्या अंगात वारं शिरलं होतं. कापडाचा एक मोठा शेठ नव्या जावयाला घेऊन आला, सासऱ्याचा खेळ दाखवायला. रामनाथने घास दिलाच नाही. शेठला एक गेम मिळू दिला नाही. शेठ हसला, पाठीवर थाप मारली, म्हणाला, "वाह, मार्कर, आज तो कमाल कर दी." दुसऱ्या दिवशी सकाळी रामनाथ आला तर आत खोलीत असायच्या त्या त्याच्या चपला आणि रॅकेट फाटकाबाहेर मातीत ठेवलेल्या. पहारेकरी दुसरीकडे बघत होता. कुणी शिवी दिली नाही, कुणी कारण सांगितलं नाही. शिवी दिली असती तर निदान भांडता आलं असतं. त्या चपला उचलून तो गाडीने पालघरला उतरला आणि टांग्यात न बसता माहीमपर्यंत चालत आला. तेव्हापासून त्याच्या पोटात जी भीती बसली ती तिथेच घर करून राहिली.

पुढे तारापूरला वीजघराचं काम निघालं. बोईसरच्या बाजूला ठेकेदार कंपन्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. पत्र्याच्या चाळी, इंजिनियरांचे बंगले, घाटावरून, नगर-बीडकडून आलेली माणसं. अशाच एका कंपनीचा मोठा साहेब कृष्णकांत. उंच, बोलका, मोठ्याने हसणारा. त्याची मुलगी विजया मुंबईला असताना थोडं टेनिस शिकली होती, म्हणून साहेबाने वसाहतीत कोर्ट बांधायचं ठरवलं आणि कुणीतरी त्याला माहीमचा मार्कर सुचवला.

रामनाथ पहिल्या दिवशी गेला तो रत्नाबाईने ढकलला म्हणून. "चिकू काय तू उतरवतोस? फांदीला भितोस. जा तिकडं."

कोर्ट मुरुमाचं झालं, पण वर शेणाचं सारवण हवं, नाहीतर धूळ उडते आणि बॉल वेडावाकडा उडतो. ते काम सोजराबाईने केलं. ही नगरकडची बाई, नवरा चंद्रभान कामावर रोलर चालवायचा. तिने गावाकडे खळी सारवलेली. तिला एवढं मोठं खळं बघून नवल वाटलं. "मळणी कशाची करनार हितं?"

"बॉलाची," रामनाथ म्हणाला.

"बया! आन् दानं कुठं पडत्यात?"

तिची मुलगी सुलू शेणाची पाटी घेऊन यायची. काटक पोर, आईचाच सावळा रंग, पायात भिंगरी. सारवण वाळेपर्यंत कोर्टावरून हलायची नाही. एक दिवस विजयाची जुनी रॅकेट तिने उचलली आणि भिंतीवर बॉल मारत बसली. रामनाथने ते लांबून पाहिलं आणि आधी तो भ्याला, मोलकरणीच्या पोरीने रॅकेट धरली म्हणून साहेब काय म्हणेल. साहेब म्हणाला, "अरे वा! विजूला जोडीदार झाली." झालं. दोघी शिकू लागल्या.

शिकवायची रामनाथला एकच रीत येत होती, घास द्यायची. लहान पोरं आली की त्यांच्या रॅकेटवर अलगद बॉल ठेवायचा आणि म्हणायचा, "हा काऊचा घास. हा चिऊचा घास. आं कर, मार!" पोरं खिदळत मारायची आणि त्यांना मारता यायचं. दोन हिवाळ्यांत वसाहतीतली पोरं बाहेर जाऊन कप घेऊन येऊ लागली. दुसऱ्या कंपन्यांचे साहेब जीपमधून मुलं पाठवू लागले. बोईसरला एक मार्कर आहे, दगडालाही खेळायला शिकवतो, अशी बोलवा झाली. पोरं त्याला मास्तर म्हणत. मोठी माणसं मात्र मार्करच म्हणत.

आणि मग त्या हिवाळ्यातली मुलींची स्पर्धा आली. जिंकेल तिला कंपनी मुंबईच्या मोठ्या स्पर्धेला पाठवणार होती. शेवटच्या सामन्यात कोण येणार हे आधीच सगळ्यांना माहीत होतं, विजया आणि सुलू. दोघी त्याच्याच.

चहाच्या वेळी कृष्णकांत साहेब रामनाथजवळ आला. "काय मार्कर, आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटावर मी कपासाठी जागा करून ठेवलीय हां!" आणि हसला. पाठीवर थाप मारली.

रामनाथला हसणं ऐकू आलं नाही. थाप ऐकू आली. त्याच जागेवर, त्याच वजनाची.

घरी येऊन तो जेवला नाही. रत्नाबाईने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

"तो हसला का?" ती म्हणाली.

"हसला."

"मंग?"

"शेटपन हसला हुता."

रत्नाबाईने त्याचं ताट झाकून ठेवलं. ती बाई सहसा शेवटचा शब्द सोडत नसे, म्हणून रामनाथ जास्तच भ्याला.

मग सुरू झालं. सुलू जिंकली तर चपला फाटकाबाहेर. एवढंच त्याला दिसू लागलं. कोर्टाच्या फाटकापाशी एक गुरखा बसायचा, बिचारा साधा माणूस, "सलाम मास्टरजी" म्हणायचा. रामनाथला त्याच्या सलामात खोट दिसू लागली. आज तो उठून का उभा राहिला? काल तर बसून केला होता. चुन्याची रेघ नागमोडी व्हायची, पुसून पुन्हा मारायचा. सुलूला सांगून टाकू, असं ठरवून तो रोज तिच्याजवळ जायचा आणि परत यायचा.

"मास्तर, तुमचं पोट दुखतंय का?" एकदा तीच म्हणाली. "तोंड असं का केलंय?"

"काय नाय. तू खेल."

"आई म्हनती ओवा खावा."

सामन्याच्या दिवशी कोर्टाभोवती खुर्च्या मांडल्या. एका बाजूला साहेबमंडळी, दुसऱ्या बाजूला जमिनीवर रोलरवाले, मुकादम, पाटीवाल्या बाया. सोजराबाई नवं लुगडं नेसून पुढेच बसली होती. टेबलावर कप. रामनाथने चपला नेहमीसारख्या फाटकाशी काढल्या आणि काढल्याबरोबर त्याला वाटलं, चुकलं. पण गुरखा बघत होता. परत घालता येईनात.

पहिला सेट सुलूने घेतला. सोजराबाईकडच्या बाया शिट्ट्या मारत होत्या. विजया वाईट खेळत नव्हती, डोकं थंड ठेवून खेळत होती, पण सुलूचा बॉल जिथे पडायचा तिथे विजयाच्या रॅकेटचं टोकसुद्धा पोचत नव्हतं. दुसऱ्या सेटमध्येही सुलू पुढे गेली. कृष्णकांत साहेब पाय हलवत होता. रामनाथ त्या पायाकडेच बघत होता. पाय जोरात हलला की याचं काळीज तेवढंच जोरात. मग पाय थांबला, आणि ते जास्त वाईट होतं.

बाजू बदलताना सुलू माठाजवळ पाणी प्यायला आली. रामनाथने तांब्या पुढे केला, पाणी तिच्या हातावर सांडलं.

"सुले," तो म्हणाला. "घास दे."

"कुनाला?"

"विजूला. उजव्या हातावर."

तिने तांब्या खाली धरला. "का?"

"मी सांगतो म्हनून."

तिने हातानेच तोंड पुसलं. "बरं," म्हणाली आणि गेली. मास्तर सांगतो ते करायचं, एवढंच तिला माहीत. मास्तरने कधी वाईट सांगितलं नव्हतं.

विजया गेम जिंकू लागली. खुर्च्यांवरून टाळ्या आल्या. साहेबाचा पाय पुन्हा हलू लागला, मजेत. आता रामनाथची भीती उतरायला हवी होती. ती चढली. कारण पोरगी घास फार सुरेख देत होती. पळायची, पाय घसरल्यासारखा करायची, हात पोचतो-न-पोचतो असं दाखवून बॉल बरोबर विजयाच्या फोरहँडवर ठेवायची. चुकल्यावर मांडीवर हात मारून हळहळायचीसुद्धा. हे त्याने तिला कधी शिकवलं नव्हतं, पोरांशी हरताना त्याला बघून तिने उचललं होतं. हे सगळं त्याचं होतं. एवढी वर्षं जिमखान्यावर त्याने जे केलं ते कसं दिसत असेल हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा समोर उभं राहून पाहिलं, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीच्या अंगात पाहिलं. चपलांची भीती वेगळी. ही भीती भूत बघितल्यासारखी होती.

दुसरा सेट विजयाचा झाला. तिसरा सुरू झाला तेव्हा विजयाने समोर आलेला बॉल मारला नाही. हाताने धरला.

"मास्तर," ती म्हणाली, "ही मला घास देतेय."

कुणाला काही कळलं नाही. मोठ्या माणसांना तो शब्द ठाऊक नव्हता. पोरांना होता. पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"चिऊचा घास, काऊचा घास," विजया म्हणाली. ती रडत नव्हती, चिडली होती. "मी काय बाळ आहे? दोन वर्षं तुमचा घास खाल्लाय मी. मला ओळखू येत नाही?"

कृष्णकांत साहेब उभा राहिला. "काय चाललंय? विजू, खेळ पुढे."

"नाही खेळणार. आधी हिला विचारा."

सगळे सुलूकडे वळले. सुलूने रॅकेट पाठीमागे धरली. "माजा हात दुखतोय," ती म्हणाली. "म्हनून बॉल तसा जातोय. मास्तरांचा काय संबंध न्हाई."

मास्तरांवर कुणी आळ घेतलाच नव्हता. तो तिनेच सुचवला. पोर घास द्यायला पटकन शिकली, पण खोटं बोलायला अजून कच्ची होती.

रामनाथ चुन्याच्या डब्यावर बसला. बसल्यावर त्याच्या तोंडून शब्द निघाले, ते त्याने काढले की भीतीनेच काढले हे त्यालाही कधी सांगता आलं नाही. "पोरगी खोटं बोलतेय, सायब. मी सांगितलं तिला."

"तुम्ही? का?"

"तुमी कपाटावर जागा केली म्हनालात."

खुर्च्यांतून कुणीतरी फिसकन हसलं. कृष्णकांत साहेबाचा चेहरा तांबडा झाला. तो म्हणाला, "अहो, मी चेष्टेत..." आणि तिथेच थांबला. अगदीच चेष्टा नव्हती हे त्याला तिथे उभ्याउभ्या कळलं असावं. कारण त्याने वाक्य पुरं केलं नाही.

तेवढ्यात सोजराबाई पदर खोचून उठली. "मास्तर, घास आईनं भरवायचा आस्तो. म्या भरवलाय माज्या पोरीला, कोरड्या भाकरीचा का व्हईना. तुमी तिच्या तोंडचा काढून दुसऱ्याला भरवायला शिकवताय व्हय? आन् त्या पोरीला तरी काय कमी हाय? ती काय उपाशी मरतीय?"

"खरंय," विजया म्हणाली, आणि सोजराबाईला वाटलं होतं ही पोर उलटून बोलेल, ती बघतच राहिली. "मास्तर, तुम्ही ताटीच्या मागे जा. तुम्ही समोर दिसलात की ती तुमचं ऐकणार. जा ना!"

कोर्टाच्या एका टोकाला वारा अडवायला नारळाच्या झापांची ताटी उभी केली होती. रामनाथ उठला आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिला. वाटेत फाटक होतं. त्याने खाली न बघता चपला उचलल्या आणि हातात घेतल्या. फाटकाबाहेर दुसऱ्याने ठेवण्यापेक्षा आपणच न्याव्यात.

ताटीमागून दिसत काही नव्हतं. ऐकू येत होतं. बॉलाचा आवाज त्याला माणसाच्या आवाजासारखा ओळखू यायचा. घासाचा आवाज मऊ, पोटात हवा कमी असल्यासारखा. तो आवाज पहिल्या दोन-तीन बॉलांना आला आणि त्याने डोळे मिटले. मग तो बंद झाला. खणखणीत आवाज येऊ लागले, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा, मध्ये पावलांची सरसर. सुलूचा बॉल सारवणावर थाड्‌दिशी पडे. विजयाचा घासत जाई. विजयाचाही बॉल बदलला होता. घास थांबल्यावर तिच्याही हाताला धार आली होती. दोघी एकमेकींना काही देत नव्हत्या. त्याला वाटलं, या दोन पोरी मी घडवल्यात आणि या दोघींपुढे मी टिकणार नाही. हे वाटून बरं वाटायला हवं होतं. पण हातातल्या चपला ताटीच्या झापांवर लागून खडखड वाजत होत्या. पलीकडच्या माणसांना ते ऐकू जाईल म्हणून त्याने त्या छातीशी धरल्या.

मग एकदम गलका झाला. कोण ओरडलं ते कळेना, सगळेच ओरडत होते. तो तिथेच उभा राहिला. बाहेर जाऊन बघायचं धाडस होईना.

ताटीला वळसा घालून कृष्णकांत साहेब आला. एकटाच. रामनाथच्या छातीशी धरलेल्या चपला त्याने पाहिल्या. त्याला त्यातलं काही कळलं असं नाही. हसला नाही. पाठीवर थापही मारली नाही. दुसरीकडे बघत म्हणाला, "उद्या सोजराबाईला सांगून कोर्ट सारवून घ्या. मागची बाजू पार उखणलीय. आणि विजूचा बॅकहँड कच्चा आहे, लक्षात ठेवा." आणि गेला.

उद्या. रामनाथ तो शब्द मनातल्या मनात उलटासुलटा करून बघत राहिला. त्यात कुठे डंख आहे का ते शोधत राहिला.

सुलू धावत आली, कप बगलेत मारून. गुडघ्याला शेण लागलेलं. "मास्तर, जितले! आन् हे काय? चपला हातात कशाला?"

"काय नाय. विंचू बघत हुतो."

मुंबईला ती गेली आणि तिथे दुसऱ्याच फेरीत हरली. मोठ्या घरच्या मुलींचा हात भारी होता. पण ती कुणाला काही न देता हरली, हे सोबत गेलेल्या विजयाने येऊन सांगितलं. कप सोजराबाईच्या खोलीत राहिला, तिने त्यात मीठ ठेवलं. कृष्णकांत साहेबाच्या कपाटावरची जागा त्या वर्षी रिकामी राहिली, पुढच्या वर्षी विजयाने भरली.

रामनाथने त्यानंतर कुणाही पोराला घास दिला नाही. बॉल नेहमी लांब टाकायचा, पोराला पळायला लावायचा. नवीन आलेल्या साहेबांच्या बायका तक्रार करत, की मास्तर मुलांना मारूच देत नाहीत, मुलं रडतात. सोजराबाई सारवताना ऐकायची आणि म्हणायची, "रडू द्या की. आं करून बसल्यावर कोन येतंय भरवायला?" पोरं रडली आणि खेळली. त्यातली पुष्कळ चांगली निघाली. रामनाथ सावे यांच्या हाताखालचा, असं सांगितलं की बाहेरच्या क्लबांत लोक सरळ बसत.

भीती मात्र गेली नाही. ती जाणारी नव्हतीच. माहीमच्या वाडीतला कोट पावसाने कुजून पडला तेव्हा तो मोकळा श्वास घेईल असं रत्नाबाईला वाटलं होतं, तर हा रिकाम्या बांबूला भिऊ लागला. आणि चपला त्याने पुन्हा कधी फाटकाशी काढल्या नाहीत. आत घेऊन यायचा आणि जाळीच्या खांबापाशी, आपल्याला दिसतील अशा ठेवायचा. पोरांनी ते पाहिलं आणि तीही आपल्या चपला तिथे काढून बूट घालू लागली. कुणी विचारलं नाही. टेनिसचा असा नियमच असतो, असं बोईसरच्या पोरांना कितीतरी वर्षं वाटत होतं.